पाणथळ कोपऱ्यातलं पहिलं फूल

२८ एप्रिल २०२१, रिंगास्किडी

वैताग आलाय नुसता. बागेच्या ज्या पाणथळ कोपऱ्यात गवतसुद्धा कुजतं, तिथे वर्षभर जपलेलं मार्श मॅरिगोल्ड आज पहिल्यांदा फुललं. इथलंच आयरिश रानफूल, पिवळंधमक. मीटिंग संपवून फोटो काढायला गेले, तर नुसता देठ! फूल देव्हाऱ्यात, गणपतीच्या डोक्यावर. विमानं बंद झाल्यापासून सासूबाई इथेच अडकल्यात.

"आई, ते तोडायचं नव्हतं हो!"

"अगं, अजून एक कळी आहे की. ती उद्या."

उद्या! त्या चिखलात मी काय यासाठी हात घातले होते? तणतणत वर निघाले, तर मागून हळूच म्हणाल्या, "पुण्यात माझ्या बहिणीला ऑक्सिजन लावलाय गं. ताजं फूल वाहावंसं वाटलं."

तो नुसता देठ डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि आता धड चिडताही येत नाही.