काशीआत्याचा डावा हात

प्रिय काशीआत्या,

काल तुझं तेरावं झालं. पंगत उठताना मोठे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "सुटली बिचारी! विधवा बाईला पियानोचा नाद. हाती काय लागलं?" मी तिथल्या तिथे म्हणाले, "दोन्ही हात लागले की, काका!" तरी माझा राग जाईना, म्हणून तुलाच लिहायला बसले.

नवरा गेला आणि तू ऐन विशीत माहेरी, आमच्या वाडीत आलीस. शेजारच्या इराणी बंगल्यात शिरीनबाईंकडे लोणची घालायला जायचीस. एकदा त्यांचा पियानो पुसता पुसता तू एक पट्टी दाबलीस. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुसते काय? बस नी!"

बसलीस! पण हात ऐकतील तर ना? सरगम वाजवताना उजवा भराभर वर चढायचा, डावा मागे अडखळायचा. अंगठ्यापाशी बोटं वळवून पुढे न्यायची, ती वळणं दोन्ही हातांत वेगवेगळ्या जागी, तिथेच सगळा घोळ. "तुजा डावा रिसावला काय, काशी? रुसला?" शिरीनबाई विचारायच्या. मग त्यांनी एकेक हात वेगळा बसवून घेतला, इतका सावकाश की चुकायला जागाच राहू नये. मग दोन्ही अंगठे मधोमध ठेवून हात एकमेकांपासून लांब न्यायचे, म्हणजे दोन्हीकडे तीच बोटं चालतात. दोघांनी मिळून वर चढणं सगळ्यात शेवटी.

घरी झोपाळ्याच्या फळीवरसुद्धा तुझी बोटं चालायची. बाबा चिडले. "लोक हसतात, काशी. उद्यापासून बंद!"

"हसू देत, दादा. मी काही त्यांच्या घरी वाजवायला जात नाही."

आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, त्यांच्यादेखत, चपला घालून निघालीस! मी किती भ्यायले होते. तुला नाही भीती वाटली?

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या नवरोजला शिरीनबाईंनी तुला पाहुण्यांसमोर बसवलं. चिकूची करंडी द्यायला आलेले बाबा दारातच थांबले. तुझे दोन्ही हात एकत्र वर गेले, एकत्र खाली आले. एकही बोट मागे राहिलं नाही.

घरी येताना बाबा म्हणाले, "एवढंच? नुसतं वर नि खाली?"

तू खदखदून हसलीस. "एवढंच! करून बघ की."

जेवताना बाबांनी ताटाच्या कडेवर हळूच करून पाहिलं. नाही जमलं!

मला मात्र कधी शिकवलं नाहीस. "तुझं लग्न व्हायचंय, माझ्यासारखी तुला लोकांनी नावं ठेवायला नकोत," म्हणायचीस. कुणाला न जुमानणारी तू, माझ्यापुरतीच का गं घाबरलीस? हे मला मुळीच मान्य नाही.

शिरीनबाईंना भेटून आले. सोमवारपासून मी बसणार आहे. त्याआधी रविवारी चिंचणीची माणसं मला बघायला येतायत. त्यांना सांगणार आहे, मी पियानो शिकतेय, लग्नानंतरही शिकणार. बाबांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "आधी चहा तरी पिऊ दे त्यांना."

नाही, आत्या. चहाच्या आधीच सांगणार. वचन!

तुझीच,
सुमन