फ्रीझर कोणाला, बटण कोणाच्या हाती

मी खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा बर्फविक्री (आता बंद), शिक्षण तिसरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. वकिलाने मसुदा दिला होता. त्यातले कायद्याचे शब्द ठेवले, बाकीचे माझे घातले, कारण मरणार मी आहे, वकील नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर खात्री करायला आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत हे मीच त्यांना दाखवलं. त्यांनी लगेच दाखला दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून बघितला त्यांचं काय झालं ते गल्लीला माहीत आहे.

कलम पहिलं. नवरा गेल्यावर मी बर्फाची गाडी ओढायला लागले तेव्हा थोरले दीर म्हणाले, घराण्याचं नाक कापलंस. मग घरी पाहुणे आले की बर्फ माझ्याकडूनच फुकट न्यायचे. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. भेटायला आले तर चहा द्यावा, पण बिनसाखरेचा. त्यांना साखर चालत नाही, एवढी माणुसकी मी ठेवते.

कलम दुसरं. अंगावरचे दागिने सुनेला. ती मला उलटून बोलली, पण बोलली ती तोंडावर. मागून कधी नाही.

कलम तिसरं. बर्फ फोडायचा टोचा, लाकडी हातोडा आणि बर्फ झाकायच्या लाकडाच्या भुशाची पेटी नातीला, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीला. लहानपणी ही पोर पेटीतला भुसा पाण्यात कालवून गोठवायची. माल खराब करतेस म्हणून मी ओरडायचे. एकदा तिची ती लादी फोडायला घेतली, तर टोचा आत रुतून बसला आणि लादी काही फुटेना. पोर म्हणाली, "आजी, नुसतं पाणी तडकतं. भुसा त्याला धरून ठेवतो." तेच धरून बसली. पुढे त्यातच मोठ्या पदव्या घेतल्या, प्रयोगशाळेत लागली. केसाहून बारीक कार्बनच्या धाग्यांचं राळेत भिजवलेलं कापड घेते, उभे, आडवे, तिरके थर रचते, दाबाखाली भट्टीत भाजते, आणि त्याची विमानाच्या शेपटीसाठी फळी करते. लोखंडाहून हलकी आणि तिच्यासारखी हट्टी. नात काय करते म्हणून कोणी विचारलं की मी सांगते, भुशाचा बर्फ करते.

कलम चौथं. राहतं घर, मागच्या पत्र्याच्या खोलीसह, मुलाला. पण एका अटीवर. अट का घातली तेही लिहिते, म्हणजे म्हातारीला चळ लागला असं पुढे कोणी म्हणायला नको.

मागच्या खोलीत माझा मोठा फ्रीझर आहे. गेल्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतला फ्रीझर बिघडला, म्हणून साहेबांना विचारून नातीने तिच्या कापडाची गुंडाळी माझ्या फ्रीझरमध्ये आणून ठेवली. ती कामापायी वेगळी राहते. नंतर आम्ही घरची मंडळी माझ्या लेकीकडे काही दिवस राहायला गेलो. निघताना मुलाने मला न सांगता बटण बंद केलं. वीज वाचवली. तो माझ्याआधी परत आला, बटण लावलं, आणि नात येऊन गुंडाळी घेऊन गेली. मी आले तर घरच्यासाठी केलेल्या बर्फाच्या कांड्या एका अंगाला कलंडून गोठलेल्या. विचारलं तर म्हणाला, "वितळलं होतं, परत गोठलं. झालं की." बर्फवालीचा मुलगा आहे. त्याच्या हिशेबी गोठलं म्हणजे पहिल्यासारखं झालं.

नातीने त्या गुंडाळीची फळी केली. मोठ्या लोकांसमोर यंत्रात ताणून दाखवताना फळीचे थर सुटे झाले. साहेब म्हणाले, हिची पद्धतच चुकीची. तिचं नाव कामातून काढलं, आणि या महिनाअखेरीस ते कामच बंद करणार आहेत.

नात घरी आली, जेवायला बसली. मी विचारलं, "तुझी ती गुंडाळी वितळून परत गोठली तर गं?"

"तो बर्फ नाही, आजी. उबेत एकदा राळ घट्ट व्हायला लागली की नंतर कितीही थंड करा, मागे फिरत नाही. पण ती तर फ्रीझरमध्येच होती. माझंच कुठेतरी चुकलं."

माझा मुलगा समोर बसला होता. त्याने ताटातून मान वर केली नाही. मी नातीला आमटी वाढली. सांगायचं ते त्याच्या तोंडून यायला हवं.

सबब अट अशी: मुलाने महिनाअखेरच्या आत साहेबांपुढे, नातीच्या देखत, बटण मी बंद केलं असं सांगावं. न सांगितल्यास घर नातीला, आणि त्याने तिला विचारून राहावं.

हे त्याला वाचून दाखवलं.

"आई, बापाने पोरीसमोर असं उभं राहायचं?"

"का, पाय दुखतात?"

"लाज वाटते गं."

"वाटू दे. तुझ्या वाट्याची लाज घेऊन ती त्या मोठ्या लोकांपुढे उभी राहिली ना."

पुरवणी, साक्षीदार यायच्या आधी. काल मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि सांगून आला. साहेबांनी नव्या गुंडाळीची फळी करायला सांगितलं आहे, नातीचं नाव परत लागलं आहे. फळी टिकेल. मला शंका नाही.

येताना वाटभर नात बापाशी बोलली नाही. दारात आल्यावर म्हणाली, "बाबा, बटण किती दिवस बंद होतं? पत्रा दुपारी किती तापतो? नीट आठवून सांगा, मला ते लिहावं लागेल." मग दोघं मागच्या खोलीत जाऊन बसले. जेवायला दोनदा हाका मारल्या तरी उठेनात.

सबब कलम चौथ्यातली अट खोडली आहे. घर मुलाचं. फ्रीझर नातीचा. बटण मात्र मुलाच्या ताब्यात राहील, कारण त्या बटणाला आता त्याच्याइतकं कोणी जपणार नाही. त्याने त्यावर लाकडी खोका ठोकून कुलूप घातलं आहे. किल्ली मलाही देत नाही.

सही: बर्फवाली

साक्षीदार: समोरचा शिंपी. बाईंनी माझ्यादेखत सही केली.
साक्षीदार: डॉक्टर. माझ्याही देखत. (बटणं आज नीट आहेत.)

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: पंचवीस फेब्रुवारी