काजूच्या डिंकाखालचं बंदर

४ नोव्हेंबर, मंगळवार
पोस्टरांच्या तीन नळ्या गेल्या. दोन पुण्याला, एक बंगळूरच्या डॉक्टरांना. कुरिअरवाल्याचं नेहमीचंच, "वहिनी, आज पण गळाची काठी?" म्हटलं, हो, मासा बंगळूरला आहे.
नळ्यांसाठी पंपाच्या दुकानातून आणलेले पीव्हीसी पाईप संपत आले. वि.ला सांगितलं. हा नवरा स्वतःच्या फ्रेमच्या काचा मोजून आणतो आणि माझे पाईप विसरतो.
भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी प्रत्येक नळीत टाकली. आपल्या हवेतला ओलावा पोस्टरबरोबर परगावी नको. मागे एका गिऱ्हाइकाने ते तांदूळ प्रसाद समजून देव्हाऱ्यात ठेवले होते. मी खुलासा केला नाही. असू देत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वि. नाटेला गेला होता, शाळेतला मोठा फोटो टांगायला. परत आला तो जेवायलाच बसेना. "सुमे, एका खोपीचं दार बघून आलोय."
जाळी ठेवायची खोप. दार म्हणजे जुन्या तंबूतल्या सिनेमाचा फळा. पावसाळा संपला की तंबू यायचा, हा फळा बंदरावर उभा असायचा. दर खेळाला नवं पोस्टर, जुन्यावरच चिकटवलेलं. थर बोटाएवढा जाड, म्हणतो.
आठ वर्षांपूर्वी जुन्या फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा म्हणून लावलेलं पहिलं पोस्टर निघालं, तेव्हा वि. ते रद्दीत टाकत होता. आज तोच मला सांगतोय. सुधारला.

८ नोव्हेंबर, शनिवार
फळा आणला. टेम्पोत गादीवर निजवून.
खोप गणूआबांची. वय त्र्याऐंशी. तंबूवाल्यांची पोस्टरं तेच चिकटवायचे. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात काचबिंदू. रत्नागिरीचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत की उरलंय ते हळूहळू आवळत जाणार. त्यांना आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं.
दाराचे किती घेणार विचारलं तर हात झटकला.
"पैशे नको. छापील पोस्टर लाँचीनं यायचां. लाँच चुकली की मी हातानं रंगवायचो. त्यातला एक आत हाय. गावला तर माका दाखव. पण लवकर हां, बाय."
सून, कल्पना, चहा देताना माझ्याकडे बघून हसली. ओट्यावरून उतरताना हळूच म्हणाली, "आबांचां ऐकून घ्यायचां. पन्नास वर्षां सांगतायत. कोणी बघलेलां नाय."
मीसुद्धा हसले. आता स्वतःचाच राग येतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सुरीच्या टोकाने कडेचे थर मोजले. चौदा!
वरचं पोस्टर उन्हाने पांढरं पडलेलं. कोमट पाण्यात पिळलेलं जुनं धोतर अंथरलं, तासभर थांबले, मग माडाच्या हिराची काडी थरांमध्ये सरकवली. खळ सुटली. खालून एक घोडा निघाला. निळा घोडा, वर डाकू, मागे आग. रंग असे की आत्ताच छापखान्यातून आले.
इतकी वर्षं एका खोपीच्या दाराआड, रोज कोणीतरी जाळी आत-बाहेर करतंय, आणि आत ही आग तशीच. वि. म्हणाला, चहा घेतेस का?

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज दहावा निघाला. रोज दोन-तीन. पडवीत दोरीवर वाळत घातलीत, समोरच्या काकू म्हणतात, कसली वाळवणं घातलीस गो यंदा.
सातव्यानंतर खळ बदलली. वरची गव्हाच्या पिठाची, करडी, कसरीने खाल्लेली. खालची तपकिरी, चकचकीत. कल्पनाला फोन केला, तिने आबांना विचारलं. काजूचा डिंक! तंबूवाल्यांकडे पीठ कमी पडायचं, आबा काजूच्या झाडांचा डिंक काढून त्यात मिसळायचे. त्याला कसर शिवत नाही. खालच्या थरांना खरंच एक भोक नाही. या माणसाला हे कुणी शिकवलं असेल?
अकरावं आता वर आलंय. झोपाळ्यावरची बाई. ही प्रत कुठेच पाहिली नाही. बंगळूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "कडा शाबूत असतील तर मलाच."
शेवटच्या चार थरांचा गठ्ठा लाकडापासून आपोआप सुटून हातात आला. आतापर्यंत दिसलेल्यांतलं एकही हाताने रंगवलेलं नाही. आबांचं राहिलं असेल तर याच चारांत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काय करून बसले मी.
या गठ्ठ्यातला काजूचा डिंक नुसत्या ओल्या धोतराने हटत नव्हता. म्हणून गठ्ठाच टबात उभा केला. अर्धाच मावतो, खालची बाजू आधी. छापील शाई पाण्याला दाद देत नाही, शेकडो वेळा केलंय. आत गेले, डाळ कुकरला लावली. वि.ची हाक आली. हाक नाही, ओरडलाच.
टबातलं पाणी निळं. शाई नाही, पुडीचा रंग. झोपाळ्यावरच्या बाईच्या खालून, दोन कागदांच्या मधून, निळा रंग वाहत होता.
आबांचं होतं. खरंच होतं. हाताने रंगवलेलं एक आहे हे मला माहीत होतं, त्यांनी तोंडाने सांगितलं होतं. तरी मी ते पाण्यात उभं केलं, कारण मनातून माझाही विश्वास नव्हता. हेच खरं आहे.
पाणी ओतवेना. तसाच ठेवलाय टब.

१९ नोव्हेंबर, बुधवार
गठ्ठा दोन काचांमध्ये, वर वि.चे वजनाचे ठोकळे. वाळल्याशिवाय हात लावायचा नाही.
वरच्या कोपऱ्यात कागद नखभर सुटलाय. बॅटरी लावून आत पाहिलं. एक मनगट, हिरव्या बांगड्या. प्रत्येक बांगडीवर उजेडाचा पांढरा ठिपका. शाळेतही न शिकलेल्या माणसाने बंदरावर बसून हे काढलंय?
दुपारी कल्पनाचा फोन. "आबा रोज इचारतायत, बाईचा फोन आला काय. तीन तारकेला डॉक्टरकडे आणायचेत. गेल्या आठवड्यापासून ताटातला भात दिसतो, मासा दिसत नाय."
मी म्हटलं, चाललंय काम. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
नाटेला जाऊन आले. एकटी, एसटीने. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.
आबा ओट्यावर. सगळं सांगितलं, डाळीसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारतात, "पाणी निळां झाला? निळां म्हणजे कसलां? आभाळासारखां की खाडीसारखां?"
म्हटलं, खाडीसारखं.
"मग बंदर गेला."
आणि हसायला लागले! त्या वर्षी लाँच चुकली, पोस्टर आलं नाही. पिक्चर त्यांनी पाहिलेला नव्हता, नुसतं नाव ऐकून बाई काढली, आणि तिच्यामागे काय काढायचं म्हणून नाटेचंच बंदर काढलं. मचवे, होड्या, सगळं. झालं. गाव लोटला. अख्खा खेळ संपला तरी पडद्यावर नाटे काही येईना. लोक तंबूवाल्याच्या मानगुटीवर बसले, आमचां बंदर कुठाय? त्याने आबांना हाकलायचंच बाकी ठेवलं.
"रंगात सरस कमी घालायचो बाय. दोन दिवसांपुरता तर काम. जास्ती टिकवायचां कशाला?"
मग मी विचारलं, आता पाण्याशिवाय वरचं पोस्टर काढू कसं? तेव्हा जे म्हणाले ते एसटीत बसल्या बसल्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.
"त्याच्या तोंडाला मी खळ लावलीच नाय. हात धजला नाय. दुसरां वर लावलां तवा नुसता कडंकडंनं डिंक फिरवला. वाऱ्यानं तां फडफडायचां, मालक शिव्या घालायचा. पण आपल्याच चित्राच्या तोंडाला खळ कशी फासायची?"
म्हणजे मधला सगळा भाग मोकळा आहे. फक्त चार कडा चिकटलेल्या. भिजवायचं नाही, वाळलं की कडा कापायच्या.
पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने शिव्या खाल्ल्या, पण आपलं चित्र जपलं. ते उद्या झाकलं जाणार, परवा त्यावर आणखी एक येणार, हे माहीत असून. येताना आडिवऱ्यापर्यंत मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
बंगळूरच्या डॉक्टरांना कळवलं, झोपाळ्याच्या कडा कापाव्या लागतील. उत्तर: "मग नको. पण कापू नका हो, पाप आहे." त्यांचंही बरोबर. ते पोस्टर पुन्हा मिळायचं नाही.
वि.ला विचारलं. तो म्हणाला, "झोपाळ्यावरची काही तुझी वाट बघत बसली नाहीये."
कधी कधी बरं बोलतो.

३० नोव्हेंबर, रविवार
पूर्ण वाळलं. वि.ने फ्रेमचा मोठा गुण्या कडेला पट्टीसारखा धरला, मी ब्लेड चालवलं. तीन कडा. आबा म्हणाले होते तसंच, आत मोकळं. बॅटरीच्या उजेडात वरचा कागद कसा अलगद टेकलेला दिसला.
चौथी कड ठेवली. ती ते आल्यावर. उचलून बघायचा मोह इतका झाला की ब्लेड वि.कडे देऊन टाकलं.

३ डिसेंबर, बुधवार
दवाखान्यातून आबा आणि कल्पना थेट आमच्या फ्रेमच्या दुकानात आले. डॉक्टरांनी थेंब बदलून दिलेत. कल्पनाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवढां दिसताय तेवढां महिनाभर धरून चला, म्हणाले."
आबांना टेबलाशी बसवलं. चौथी कड कापली. मी म्हटलं, तुम्हीच उचला. ते म्हणाले, "कल्पना, तू उचल."
तिने पदराला हात पुसले आणि उचललं.
कमरेपासून वरची बाई. हात उंच केलेला, कुणाला तरी हाक मारतेय की निरोप देतेय, कळत नाही. कपाळावरचे केस वाऱ्याने उडालेले, आणि तो वारा दिसत होता. खरंच दिसत होता. एवढी पोस्टरं हातांखालून गेली, असा चेहरा नाही पाहिला. दुकानात फ्रेम न्यायला आलेला एक माणूस चप्पल काढून उभा राहिला.
कमरेखाली काही नाही. निळा डाग, पार तळापर्यंत. मचव्याची एक डोलकाठी तेवढी वर आलेली.
कल्पना म्हणाली, "आबा, ह्या तुमी काढलांत?" आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.
आबांनी नाक टेकेल इतकं वाकून, बोटभर बोटभर सगळं बघितलं. अर्धा तास. मग म्हणाले, "बाई बरी हाय. पण ही कोण, माकाच ठावूक नाय. बंदर माझां होता." आणि वि.कडे वळून, "पुडीचे रंग मिळतात काय अजून?"

४ डिसेंबर, गुरुवार
रात्रीपासून डोकं फिरलंय. आबांना बंदर पुन्हा रंगवायचंय. आठ वर्षं गिऱ्हाइकांना बजावतेय, जुन्या पोस्टरला ब्रश लावू नका, आहे तसं ठेवा, डाग म्हणजे त्याचं वय. एक ठिपका रंग घातलात तर ते मेलं. आजवर एकदाही यात सूट दिली नाही.
आणि बिघडलं तर? एका डोळ्याने, तेही नळीतून बघितल्यासारखं. वरची बाईसुद्धा हातची जाईल.
वि. म्हणाला, फोटो काढून ठेवू आधी. काढला. त्यात वारा दिसत नाही.
पण चित्र कोणाचं? माझं नाही. मी तर बुडवणारी.

६ डिसेंबर, शनिवार
आबा आलेत. काल रात्री कल्पना त्यांना घेऊन इथे तिच्या बहिणीकडे मुक्कामाला राहिली, आज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं पायरीवर. वि.ने मारुती मंदिराकडच्या दुकानातून रंग आणले, सरस मी वितळवला, या वेळी भरपूर. आबांनी बोटांत घासून बघितला आणि मान हलवली.
ब्रश बुडवला. हात हवेत थांबला. थरथरत नव्हता, मी बघत होते.
"बाय, कागदाची कड दिसत नाय. मचवा कुठं बांधू?"
आतून कोणीतरी म्हणत होतं, अजून वेळ आहे, नको म्हण. कल्पना माझ्याकडे बघत होती, वि. माझ्याकडे बघत होता.
मी आबांचा डावा हात धरला आणि त्यांचं बोट निळ्या डागावर, जिथे बाईचं लुगडं संपतं, तिथे नेऊन टेकवलं.
"इथून पुढे पाणी आहे, आबा."
"हां," म्हणाले. "मग हयसून सुरू."