आईचा दीड तास

पेण, ता. १२ फेब्रुवारी १९९७

चि. हरेश यास,
अनिताताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक चाललंय. तुझी तब्येत बरी असेल. पत्र रोह्याहून नाही, पेणहून लिहितेय. सध्या आईकडे आहे.

तू मस्कतचं लिहिलंस ते वाचून गंमत वाटली. शुक्रवारी सगळं बंद, दुपारी दुकानदार झोपायला घरी, गाडीचा हॉर्न वाजवला तर लोक वळून बघतात. आमच्या रोह्याला हे जमायचं नाही. कंपनीची शिफ्ट सुटली की अष्टमी गावच्या पुलापर्यंत नुसत्या सायकली आणि घंट्या. पेणची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी चालू आहे आणि इथं अंगणाअंगणात गणपती वाळत घातलेत. माणसं आत्तापासून भाद्रपदात जाऊन बसलीत.

तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा दीड तास मागं, हे आईनं तू गेलास तेव्हाच पाठ केलं. तेव्हापासून ती संकष्टीला आपला चंद्र उगवला तरी जेवत नाही. तुझ्याकडचा उगवायची वाट बघते. ह्यांनी तिला समजावलं, की घड्याळ दीड तास मागं असलं तरी चंद्र तासाभरातच येतो तिकडे. ती म्हणाली, "अर्धा तास जास्त थांबलं तर काय मरत नाय मी."

गेल्या संकष्टीला मेलीच असती. साखर उतरली, चक्कर आली, चुलीपाशी पडली. शेजारची हौसा आली म्हणून निभावलं. कपाळाला टाके आहेत, आता बरी आहे. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय. आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, पुढची संकष्टी कधी.

तुझ्याबरोबर कामाला असलेला साहिल रजेवर आलाय. अष्टमीला त्याच्या घरी मी गेले होते. त्याच्या मनात काही नव्हतं, सहज बोलून गेला की संकष्टी असो नाहीतर काही, हरेश बिर्याणी सोडत नाही. मला वाटलं, बरं झालं, औषध सापडलं. आईच्या खाटेशी बसले आणि सांगून टाकलं, की ज्याच्यासाठी तू थांबतेस तो केव्हाच जेवून मोकळा होतो.

ती म्हणाली, "मला ठाव हाय गो. एकदा संकष्टीच्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला हौसाकडं. जेवलास का इचारलं, तर व्हय म्हणाला, आत्ताच. तो करत नाय म्हणून तर त्याचा उपास मी करते. मग उपास सोडायचा त्याच्या वेळेवर."

मी कपबशा विसळायला उठले.

आता फोनवर "मी उपास करतो, तू वेळेवर जेव" असलं काही खोटं सांगू नकोस. तुझा आवाज तिला कळतो. पंचवीस तारखेला संकष्टी आहे. त्या दिवशी खरोखर उपाशी राहा. दुपारी हौसाकडे फोन कर, आई विचारेल जेवलास का, आणि तू नाही म्हण. एवढं झालं तर ती इथला चंद्र बघून जेवेल. नाही झालं तर ती थांबणार, आणि यावेळी हौसा घरात असेल की नाही मला माहीत नाही.

राग आलाय मला. तुझा तर आलाच आहे, तिचाही आलाय. संकष्टी मीही लग्नाआधीपासून करते. पण रोह्याला चंद्र पेणच्याच वेळेला उगवतो, त्यामुळे माझ्यासाठी कुणाला थांबावं लागलं नाही.

जवळच राहिलेली तुझी,
अनिताताई