काकूंनी विचारलेला प्रश्न

रविवार, हॉस्टेलवर परत

आज म्हसवडला सुहासच्या घरी जाऊन आलो. माझा रूम पार्टनर तो. परवा त्याचे वडील हार्ट अटॅकने गेले. एसटीत बसल्यापासून मी एकच घोकत होतो, आपण कमी बोलायचं. तेवढंही जमलं नाही.

काकू, म्हणजे सुहासची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी घामाघूम झालेलो, तर शेजारी बसवून मला पदरानं वारा घालायला लागल्या. आभाळ कोसळलंय त्यांच्यावर, आणि वारा मला! मग म्हणाल्या, "तू लय हुशार हायस, सुहास सांगत असतोय. दुपारीच दवाखान्यात न्हेलं असतं, तर हे वाचलं असतं का रं?"

मी विचार केला. खरंच केला, परीक्षेत करतो तसा. म्हणालो, "हो, बहुतेक वाचले असते." वर रक्ताची गुठळी कशी होते, तेही समजावलं. गप्प बसायला काय झालं होतं मला?

पदर थांबला.

सुहास स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली. मग म्हणाला, "तुजं चुकलं न्हाई, गड्या. पर ऊन उतरू द्या, मग जाऊ, असं आईच म्हणाली व्हती."

प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच मला येतं. त्यांना फक्त 'नाही' ऐकायचं होतं.

आणि सारखं आठवतंय ते त्यानंतरचं. थांबलेला पदर जरा वेळानं पुन्हा हलायला लागला. काकू मलाच वारा घालत होत्या.