वितीने मोजलेली रांग

क्रॉमवेल, दक्षिण बेट
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बॉटनी उपनगरातल्या तुझ्या रविवारच्या मराठी वर्गाला यंदा किती मुलं आली? वर पत्त्यात पोरिरुआ नाही, ते चुकून नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

सोबतच्या खोक्यात बावीस नेक्टरिन आहेत. पीचसारखंच फळ, फक्त सालीवर लव नसते. देठाजवळ हलकं दाबून बघ, दबलं की खा. कच्ची असताना फ्रिजमध्ये ठेवू नकोस, पिठूळ होतात.

इथल्या फळबागेत डब्यात भरायच्या पीचची जुनी झाडं काढतायत. मालकीण शॅरन म्हणते, डबे आता कुणी उघडत नाही. त्या जागी चेरी लावतात, आणि नेक्टरिनची नवी झाडं, तारांवर भिंतीसारखी सपाट पसरवलेली. मला ती फार आवडतात. प्रत्येक फांदी दिसते.

नोव्हेंबरात विरळणी असते. म्हणजे उरलेली फळं मोठी व्हावीत म्हणून बरीचशी कोवळी तोडायची. शॅरन म्हणाली, "दोन फळांत एक हँड सोड." तू माझ्या स्वेटरच्या बाह्या मोजायचीस ना, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून? मी अख्खी रांग तशी मोजली. (वीत दीर्घ, पण वितीने ऱ्हस्व. लक्षात आहे.) तिला म्हणायचं होतं मुठीएवढं अंतर.

"मेट, झाडांची हजामत केलीस की!" ती ओरडली. मी तीन दिवस धड जेवलो नाही. (वर जेवणाचं लिहिलंय ते आताचं.)

परवा त्या रांगेतली फळं तोडली. माल कमीच भरला, पण एकही फळ लहान म्हणून बाजूला पडलं नाही. शॅरनने एक हातात तोललं आणि हसली. "पुढच्या वर्षी तुझा हात आणि माझा हात, यांच्या मधलं काहीतरी धर."

"पुढच्या वर्षी? म्हणजे मी राहायचं?"

"मग हिवाळ्यात छाटणी कोण करणार, माझी मांजर?"

"स्वीट अ‍ॅज," मी इथल्यांसारखा झटकन होकार दिला.

आता ते. ऑगस्टपासून मी पोरिरुआला कोर्सला गेलेलो नाही. तू फोनवर विचारतेस, "कोर्स कसा चाललाय?" मी म्हणतो, "चाललाय." तो चालला असेलच, मी त्यात नाही. बोलताना माझ्या तोंडून खोटं पटकन निघतं. लिहिताना प्रत्येक अक्षर तपासावं लागतं, म्हणून पत्र.

मला इथेच राहायचं आहे. मला हे काम येतं, आई. बाबांना पुढच्या रविवारी मीच फोन करेन. आधी तुला कळावं.

चुका असतील तिथे लाल पेनाने खुणा कर आणि पत्र परत पाठव, लहानपणी करायचीस तसं. चूक सापडली नाही तरी परत पाठव.

तुझ्याच वितीने मोजणारा,
क्षितिज