ओरिनच्या गाडीचं छप्पर

१४ मार्च १९९८

आणली! चौतीस सालची फोर्ड, दोन दारांची. व्हर्जिल नेमेचेकच्या कोठारात गवताच्या भाऱ्यांमागे उभी होती— त्याचा भाऊ ओरिन कोरियाच्या लढाईत गेला तेव्हापासून. गाडी ओरिनची. ग्लेन स्टकी किती वर्षं मागे लागला होता, त्याला नाही दिली. मला दिली!

"तू वेल्डर आहेस. हात चांगलाय तुझा," म्हणाला म्हातारा. "मडगार्ड काढ, इंजिन बदल, हॉट रॉड कर तिची, सुसाट पळणारी. ओरिनच्याही मनात तेच होतं. फक्त छप्पर कापू नकोस, पोरी. उंच टोपी घालून बसायचा तो. टोपी उतरवावी लागत नाही म्हणूनच ही गाडी घेतलेली त्यानं."

"नाही कापणार," म्हटलं. विचारसुद्धा न करता.

२ एप्रिल

इंजिन पार जाम. आत उंदरांचं घरटं! मर्ल दारात उभा राहून म्हणतो, "लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मला सवत आणलीस, लोर्ना."

१९ एप्रिल, रविवार

भंगारातून जुनं आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. त्या काळातली पोरं जे मिळेल ते बसवायची, तसंच करायचं— नवा एकही भाग नको.

व्हर्जिलचा फोन. आता दर रविवारी येतो. "बोलायला लागली का गं?" जसं काही तान्हं बाळच!

२० मे

मडगार्ड गेले, गाडी पुढून खाली बसवली. आणि आता ते छप्पर डोळ्यांत खुपतंय. धान्याच्या कोठीसारखं उंच. मर्ल म्हणतो, चांगली दिसते की! नाही दिसत. मला कळतं ना.

१३ जून

मर्ल मासे धरायला गेला होता.

कापलं.

खिडक्यांच्या खांबांतून तीन इंच पट्टी काढली, छप्पर साखळीनं खाली उतरवलं, टाके मारले. इतकं चांगलं वेल्डिंग मी आयुष्यात केलं नसेल. आणि गाडी काय दिसते! दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. तिच्याभोवती फिरत एकटीच हसत होते. मग ते कापलेले तुकडे उचलून टाकायला गेले आणि टाकवेनात. टाकवत नाहीत म्हणजे काय? कापताना कुठे गेली होती ही माया?

१४ जून, रविवार

फोन.

"छप्पर कसंय? गंजलं नाही ना?"

"नाही. छान आहे की!"

शब्दनशब्द खरा. लाज वाटते.

२९ ऑगस्ट

गाडी चालली! पाच मैल गेले. आवाज छातीत घुमतो. व्हर्जिलच्या शेताचा रस्ता आला तशी वळले मागे.

मर्ल जेवताना म्हणाला, "जत्रेतल्या गाड्यांच्या स्पर्धेत सगळं गाव बघणार. त्याला दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस." एरवी कधी असा बोलत नाही.

३ सप्टेंबर

गेले. मर्लच्या ट्रकनं. व्हर्जिल स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसला होता.

"मी छप्पर कापलं."

सुरी थांबली नाही. "किती?"

"तीन इंच."

"परत जोडता येईल?"

"येईल. पण—"

"पण तेच नसेल." सफरचंद सोलून झालं, त्यानं दुसरं घेतलं. "मग मला दर रविवारी छान आहे छान आहे का सांगत होतीस?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. दारापर्यंत सोडायला आला. "सांभाळून जा," म्हणाला. पोरी म्हणाला नाही.

६ सप्टेंबर, रविवार

फोन नाही.

१२ सप्टेंबर

जत्रा. पहिलं बक्षीस माझ्या गाडीला. लोक टाळ्या वाजवत होते, मला तोंड लपवावंसं वाटत होतं. ग्लेन स्टकी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "व्हर्जिलनं हिला छप्पर कापू नको म्हणून बजावलं होतं! शब्द दिलेला हिनं! विचारा!" मर्ल पुढे झाला, त्याला मीच मागे ओढलं. खरं तेच बोलत होता ग्लेन.

१४ सप्टेंबर

मर्ल गहू घालायला गोदामावर गेला होता. तिथे ग्लेननं चार लोकांत व्हर्जिलला विचारलंच. व्हर्जिल म्हणाला, "मीच सांगितलं तिला, काप म्हणून."

मर्ल म्हणतो, सुटलीस.

कुठली सुटतेय!